पाव फेरा

१

कुंडीला आठवड्यातून एकदा पाव फेरा द्यायचा, हे प्रीती बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्रात शिकली होती. पाठ केलेल्या हजार गोष्टींपैकी संसारात उपयोगी पडलेली ती बहुधा एकटीच. रोप उजेडाकडं कलतं. उजेड एकाच बाजूनं येत असला तर ते तिकडंच वाकडं होत जातं. म्हणून दर रविवारी कुंडी जराशी फिरवायची, म्हणजे वाकडेपणा चहूबाजूंना वाटला जातो आणि रोप सरळ उभं राहतं.

"माणसाचं पण असंच असतं," असं ती एकदा नागसेनला, म्हणजे नवऱ्याला, म्हणाली होती.

तो पाचवीचे पेपर तपासत होता. "माणसाला फिरवायला येतं कोण पण?" मान वर न करता त्यानं विचारलं, आणि पुढच्या पेपरावर भोपळा काढला.

नागसेन पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेवर शिक्षक होता. भोकरदनला घर शोधायला त्यांना पाच महिने लागले होते. घर बघायला गेलं की आधी चहा यायचा, मग सहज म्हणून आडनाव विचारलं जायचं, आणि मग मालकाच्या पुतण्याला नेमकी तीच खोली लागणार असायची. भोकरदनात इतके पुतणे असतील असं प्रीतीला वाटलं नव्हतं. जाफराबाद रोडच्या आतल्या गल्लीतल्या तातेराव काकांनी मात्र आडनाव विचारलंच नाही. ते टेम्पोतून उतरलेल्या सामानाकडं बघत राहिले. मानेला पट्टा, मान एका अंगाला कललेली.

"कुंड्या किती हायेत?"

"नऊ," प्रीती म्हणाली. पुतण्या कुंड्यांसाठी येतोय की काय, असं तिला वाटून गेलं.

"ठेवा. पन खिडकीतच ठेवा. खिडकी सोडून आत आनायच्या न्हाईत."

वरच्या मजल्यावर एक मोठी खोली, शेजारी स्वयंपाकघर. खोलीला पूर्वेला दार आणि रुंद खिडकी, समोर पश्चिमेला कोरी भिंत. त्या भिंतीत ना खिडकी, ना कोनाडा, ना खिळा. प्रीतीनं खिडकीत फळी टाकून नऊ कुंड्या ओळीनं मांडल्या. रंगाच्या बादलीतली जास्वंद, तेलाच्या डब्यातला पानओवा, कोरफड, दोन मनीप्लांट, सदाफुली, गवती चहा, एक नाव न कळलेलं, आणि टोकाला दुसऱ्या एका बादलीत पिंपळ. तो विहाराच्या भिंतीत उगवला होता. बुद्धपौर्णिमेला तिनं मुळासकट अलगद काढून आणला होता. त्यांची नऊ महिन्यांची लेक यशो आता फरशीवर रांगत होती. रोज दुपारी चारच्या सुमाराला खालून खर्रर्र असा आवाज यायचा, कुणीतरी जड खाट ओढल्यासारखा. दोन दिवसांत त्याची सवय झाली. पाच महिन्यांनंतर माणसाला घर मिळालं की त्याला कशाचीही सवय होते.

२

प्रीती काळजीखोर होती, आणि आपण काळजीखोर आहोत याचीही तिला काळजी असायची. यशोच्या तोंडात बटण जाईल, यशो जिन्यावरून पडेल, यशोचं डोकं जरा चपटं आहे का. त्यामुळं कुंड्यांवर खुणा केल्या तेव्हा तिनं ते नागसेनला सांगितलं नाही. वेडेपणाच्या यादीत आधीच गर्दी झाली होती.

झालं असं, की रविवारी फिरवलेली जास्वंद बुधवारी तिला पुन्हा फिरलेली दिसली. कळी खिडकीकडं होती ती आत आली होती. आपलाच घोळ असेल, रात्री दोनदा उठणाऱ्या बाईच्या आठवणीवर काय भरवसा? म्हणून तिनं प्रत्येक कुंडीच्या काठावर नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. नऊ लाल ठिपके, नऊही खिडकीकडं.

रोज अकराला ती यशोला घेऊन कोपऱ्यावरच्या विहारात जायची. तिथं सावली होती, बायका असायच्या, यशोला उचलून घ्यायला दहा हात असायचे. गुरुवारी साडेबाराला ती परतली, तर नऊही ठिपके डाव्या हाताला सरकलेले. सगळे सारख्याच मापानं. बरोब्बर पाव फेरा.

दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं.

तिनं यशोला कडेवर घट्ट धरलं, आणि मग एकदम तिला हायसं वाटलं. भुतं पाव फेऱ्याचा हिशेब ठेवत नाहीत. दुसरी चावी एकाच माणसाकडं होती.

आणि कारणही तिला लगेच सापडलं. गेल्याच आठवड्यात द्वारकाबाई काकू, म्हणजे तातेरावांची बायको, वर कढी घेऊन आल्या होत्या आणि टोकाच्या बादलीकडं बघून म्हणाल्या होत्या, "पिंपळ हाय का ह्यो? घरात लावत न्हाईत गं बाई."

"आमच्यात लावतात, काकू. बोधिवृक्ष आहे तो."

"असंल माय, असंल," काकू म्हणाल्या होत्या आणि वाटी न घेताच खाली गेल्या होत्या.

आडनाव न विचारणारे विचारतातच, फक्त जरा उशिरा, असं प्रीतीनं मनाशी म्हटलं. त्या म्हणण्यात दुःख होतं, पण थोडं समाधानही होतं. ओळखीचा काटा कुठं बोचतो ते पायाला माहीत असतं.

३

सोमवारी ती मुद्दाम पंधरा मिनिटांत परतली.

दार लोटलेलं. आत तातेराव काका खिडकीपाशी ओणवे उभे, दोन्ही हातांत पिंपळाची बादली. दुधाचं भांडं उतरवावं तशी त्यांनी ती हळूच फिरवली, मग वळले.

"ओल बघाय आल्तो," ते म्हणाले.

"ओल बादलीत असते का, काका?"

त्यांनी हात झटकले.

"आम्ही घरात नसताना तुम्ही आत येता. रोज येता. मी खुणा करून ठेवल्या होत्या." ती थांबली नाही. "पिंपळ खुपत असेल तर तोंडावर सांगा. असं मागं येऊन हात लावायचा नाही."

"पिंपळाचं काई न्हाई, म्याडम. मी समद्याच फिरवितो."

"कामून?"

भांडताना प्रीतीची पुस्तकी भाषा अशी गळून पडायची. तातेरावांनी पट्ट्यात बोट घालून मान खाजवली. "तुम्ही आठवड्याला एकडाव फिरवता. त्येनं भागत न्हाई हितं. रोज फिरवावं लागतंय."

"माझी झाडं मी बघीन. तुम्ही यायचं नाही."

"घर माजं हाय, बाई."

"आणि करार आमचा आहे!"

ते निघाले. जाताना त्यांची हनुवटी वर होती, आभाळाकडं बघत चालल्यासारखी. काय हा ताठा, असं प्रीतीला वाटलं. मग जिना उतरताना त्यांची मान उजव्या खांद्यावर कलली. चढताना ती डाव्या खांद्यावर असते, असं तिला उगाच आठवलं. मानेचं दुखणं बाजू बदलतं का? बदलत असेल. ती काही डॉक्टर नव्हती.

संध्याकाळी नागसेन करार घेऊन खाली गेला. अकरा महिन्यांच्या त्या करारात, मालकानं यायचं असल्यास आदल्या दिवशी कळवावं, असं सातव्या कलमात होतं. हे कलम कुणी वाचतं यावर लिहिणाऱ्याचाही विश्वास नसेल. नागसेन वर आला तो हातात चावी घेऊनच.

"भांडले?"

"न्हाई ना. लगेच काढून दिली. वर म्हणले, 'सर, बराबर फिरवा, रोज फिरवा.' मला वाटलं त्यांला बागकामाचा नाद असंल." तो हसला. "तू उगंच टेन्शन घेऊन राह्यली व्हती."

तरी प्रीतीनं दुसऱ्या दिवशी दाराला नवं लॅचचं कुलूप बसवून घेतलं. त्या रात्री ती लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, भाड्याच्या का होईना, आपल्या घरात झोपली.

४

रोज फिरवा म्हणे. प्रीतीनं रविवारचं फिरवणंही सोडून दिलं. म्हणायला कारण होतं: यशोला दात येत होते, ताप येत होता, वेळ कुठला? पण खरं कारण तिला माहीत होतं. एखाद्याचा आगाऊ सल्ला बरोबर निघू नये म्हणून माणूस स्वतःचं शहाणपणसुद्धा मोडीत काढतो.

तीन आठवड्यांनी यशोचा ताप उतरला आणि प्रीतीनं खिडकीकडं नीट बघितलं.

नऊही झाडं खोलीत वाकली होती.

खिडकीबाहेर फेब्रुवारीचं स्वच्छ ऊन पडलेलं होतं, आणि झाडांनी त्याला पाठ केली होती. जास्वंदीचा शेंडा फळीवरून पुढं आला होता. गवती चहाची पाती वाऱ्यानं झोपावीत तशी एका अंगाला पडली होती, फक्त वारा नव्हता. मनीप्लांटची पानं तळहातासारखी उघडून समोर धरलेली. सगळ्यात जास्त पिंपळ वाकला होता. त्याचं प्रत्येक पान, शेपटीच्या टोकासकट, समोरच्या कोऱ्या भिंतीकडं रोखलेलं.

आणि झाडं छान होती, हीच तर गंमत. इतकी हिरवी, इतकी तजेलदार तिनं ती कधी बघितली नव्हती. जास्वंदीला अकरा कळ्या.

प्रीती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं शिकलेल्या बाईनं करावं तेच केलं, कारणं मांडली. भिंतीचा चुना पांढरा आहे, त्यावरून उजेड परतत असेल. खिडकीतलं ऊन कडक असेल, झाडं सावली शोधत असतील. तिनं पाठ्यपुस्तक आठवून बघितलं. पुस्तकात मुळं उजेडापासून दूर जात होती. पानं नव्हती जात.

यशोला काखेत मारून ती खाली उतरली आणि घराच्या मागं गेली. पश्चिमेला मोकळा प्लॉट होता. विटांचे तुकडे, वेडी बाभूळ, एक उलटलेलं सिमेंटचं टाकं. घराची भिंत तिकडूनही सपाट, गिलावा केलेली, जुनी. काहीही नव्हतं.

तिला बरं वाटलं. आणि परत फिरताना पायाखाली बघितलं.

प्लॉटमधलं गाजरगवत, बाभळीची कोवळी फांदी, टाक्याशेजारची एरंडाची दोन रोपं, सगळी घराकडं वाकली होती. आतली झाडं बाहेर बघत होती, बाहेरची आत. मधे होती ती एक नऊ इंचांची भिंत.

५

हे तिनं नागसेनला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी गाडी काढण्याआधी मागं जाऊन बघून आला.

"वारं पच्चिमेचं असंल," तो म्हणाला.

"आणि खोलीतलं?"

"खोलीतलं पूर्वेचं." त्याला स्वतःलाच हसू आलं. मग तिचा चेहरा बघून तो जरा थांबला. "प्रीती, तुला घर सोडायचंय का? सांग. बघू आपण दुसरं."

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नाही असं म्हणाली. ते इतक्या पटकन आलं की तिलाच नवल वाटलं.

कारण त्या घरात बरं वाटायचं. खोटं कशाला बोला? फेब्रुवारी संपून मार्च लागला, आणि प्रीतीला इतकं शांत अनेक वर्षांत वाटलं नव्हतं. यशो गुटगुटीत झाली. रात्रभर झोपू लागली. तिचा पलंग खिडकीच्या वाऱ्यापासून हलवून प्रीतीनं भिंतीला लावला होता, आणि दुपारी तिच्याशेजारी आडवं झालं की भिंतीकडून ऊब यायची. थंडीत अंगणात बसून उन्हाला गाल द्यावा तशी. भिंतीला हात लावला तर भिंत गारच असायची.

तिच्या काळज्या एकेक करून सुटत गेल्या. चपट्या डोक्याची सुटली, बटणाची सुटली. एकदा तर यशो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली तिला दिसली आणि तिनं आधी हातातला कांदा चिरून संपवला, मग उठली. रात्री ते आठवून तिला दचकायला झालं. पण तेही फार वेळ टिकलं नाही.

यशोला एक नवा खेळ सापडला होता. पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसायचं, दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, आणि खिदळायचं. भो खेळतात तसा. फक्त भो खेळताना पोरं हात काढल्यावर हसतात. यशो हात होते तोवर हसायची. हात काढले की तिचा चेहरा पडायचा, आणि ती पुन्हा घाईनं डोळे झाकायची.

"कुणाशी खेळून राह्यली गं?" नागसेन विचारायचा.

"भो," यशो सांगायची. तेवढाच शब्द तिला येत होता.

६

मार्चच्या शेवटी यशोचा पहिला वाढदिवस झाला. वंदना घेतली, केक कापला. खालून काकू झबलं घेऊन आल्या, यशोच्या गालावरून हात फिरवला आणि तिची हनुवटी धरून चेहरा हळूच खिडकीकडं वळवला. प्रीतीच्या ते लक्षात आलं. तिनं दुर्लक्ष केलं.

सगळे गेल्यावर नागसेननं मोबाइल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर डबा लावून उभा केला आणि तिघांचा फोटो घेतला. तो घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत प्रीतीच्या आईचा मेसेज आला.

"काय गोड दिसायलेत तिघं! पण माना वाकड्या कामून केल्या?"

प्रीतीनं फोटो उघडला. मधे यशो, दोन्ही बाजूंना ते दोघं, तिघंही हसत. तिघांच्याही माना एकाच बाजूला कललेल्या. फार नाही. लाडात येऊन कलवतात तेवढ्याच. कडेला दिसणाऱ्या फळीवरची नऊ झाडंही त्याच बाजूला. फक्त फुगे सरळ होते.

"तू सांगितलं होतं का कलायला?" तिनं विचारलं.

"न्हाई बा. मी तर सरळ बसलो व्हतो."

"मी पण."

तिनं जुने फोटो काढले. डिसेंबरात टेम्पोपुढं उभे: सरळ. जानेवारीत: सरळ. फेब्रुवारीच्या शेवटी यशो दात दाखवतेय, आणि एक कान खांद्याजवळ आलेला. मार्चमध्ये तिच्या स्वतःच्या सेल्फीत पाठीमागं स्वयंपाकघराच्या दाराची चौकट होती. चौकट सरळ होती.

ती आरशापुढं गेली. आरशात सगळं ठीक दिसत होतं. पण आरसा तिनंच गेल्या पंधरवड्यात टांगला होता, डोळ्यांना सरळ वाटेल असा. तिनं ओळंबा म्हणून दोरीला चावी बांधली आणि आरशाच्या कडेला धरली. ती चावी तातेरावांचीच होती, कुलूप बदलल्यावर नुसती पडून होती. दोरी सरळ लोंबली. आरशाची कड खालच्या टोकाला दोरीपासून बोटभर दूर गेली.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी नागसेन शाळेत होता. यशो पलंगावर खेळत होती, डोळे झाकून, भिंतीकडं तोंड करून. प्रीती तिच्याशेजारी बसली.

आपण हे आधी का केलं नाही, असं तिला नंतर अनेकदा वाटलं. इतकं सोपं होतं. मुलाचा खेळ आईनं एकदा तरी खेळून बघावा.

तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि डोळे मिटले.

लाल दिसलं.

उन्हात डोळे मिटल्यावर पापण्यांच्या आतून दिसतो तसा लाल, ऊबदार, भरगच्च. तिनं डोळे उघडले. पांढरी कोरी भिंत, दुपारची सावली. पुन्हा मिटले. लाल. तशीच डोळे मिटून ती हळूहळू वळली, खिडकीकडं, जिथं बाहेर खरंखुरं मार्चचं ऊन पडलं होतं. लाल विझत गेलं, आणि खिडकीसमोर पुरता काळोख झाला.

ती पुन्हा भिंतीकडं वळली. भीती वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं. भीती होतीही, खाली कुठंतरी, विहिरीत पडलेल्या भांड्यासारखी. वर मात्र नुसतं बरं वाटत होतं. गाल शेकत होते. शेजारी यशो खिदळत होती.

मग लालात एक सावली आली.

उन्हात डोळे मिटून बसलेलं असताना समोरून कुणी गेलं की पापण्यांवर क्षणभर अंधारतं, अगदी तसं. एका अंगानं आली, सावकाश सरकली, आणि मधोमध येऊन थांबली. गेली नाही. उजेड आणि त्या दोघींच्या मधे उभी राहून ती किंचित वाकली, पाळण्यात बघायला वाकतात तशी.

"भो," यशो म्हणाली. आनंदानं.

प्रीतीनं डोळे उघडले तेव्हा तिचा गाल भिंतीला टेकलेला होता. भिंत गार होती. आपण बसल्या जागेवरून इतक्या पुढं कधी सरकलो, ते तिला आठवेना.

खालून खर्रर्र असा आवाज आला. चार वाजले होते.

८

यशोला घेऊन ती खाली गेली. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत तातेराव काका खाटेवर निजलेले, आणि द्वारकाबाई काकू खाटेचा पाय धरून वाकलेल्या. खाट भिंतीशी तिरपी झाली होती. फरशीवर खाटेच्या पायांनी गोल चरे पडले होते, जुने, खोल, एकावर एक.

"ये माय," काकू धापा टाकत म्हणाल्या. "जरा हात लाव. एकटीनं व्हईना आताशा."

प्रीतीनं यशोला खाली ठेवलं आणि खाटेला हात लावला. दोघींनी मिळून तातेरावांना उरलेला फेरा दिला.

"तुम्ही सांगितलं का नाही?" ती म्हणाली.

"काय सांगावं?" काका छताकडं बघत म्हणाले. "'फिरवा' म्हनलं. त्याच्या म्होरं मलाबी काई ठावं न्हाई. बापाचीबी मान अशीच व्हती."

"घर सोडायचं मग! भाड्यानं तरी कशाला देता?"

"रिकामं ठेवून पाह्यलं दोन साल. रिकामं असलं की आमच्याकडंच लई येतंय. वर मानसं असली, झाडं असली, तर वाटून जातंय." ते बोलताना ओशाळले. "आडनाव कशाला इचारू, बाई? मला कुंड्या पाह्यजे व्हत्या."

तिला हसू आलं. पाच महिन्यांच्या सगळ्या पुतण्यांसकट हसू आलं. आपण त्या माणसावर नेमका चुकीचा आरोप केला होता, आणि खरा आरोप याहून वाईट होता.

"जालन्याला पोरीकडं गेलो की दोन दिवसात मान सरळ व्हती," काका म्हणाले. "पन करमत न्हाई."

काकूंनी यशोला उचललं होतं. तिचा चेहरा त्यांनी दाराकडं केला. तो आपोआप परतला. पुन्हा केला. "लेकरू लहान हाय. लवकर सरळ व्हईल. रोज फिरव तेवढं."

प्रीतीनं कमरेला खोचलेल्या दोरीची गाठ सोडून चावी काढली. मग तिच्या लक्षात आलं, कुलूप नवं आहे. वर जाऊन तिनं नव्या कुलपाची दुसरी चावी आणली आणि काकूंच्या हातावर ठेवली.

९

त्या रात्री नागसेननं सगळं ऐकून घेतलं. त्यानं डोळे मिटूनही बघितलं. बराच वेळ मिटून ठेवले. मग म्हणाला, "जूनमधी बघू दुसरं घर. शाळा उघडायच्या आत."

"हो, जूनमध्ये," प्रीती म्हणाली. दोघांनाही ते एकदम पटलं. हे पटणं आपलं की रोपाचं, असा प्रश्न तिच्या मनात आला, आणि ऊन लागल्यावर दव जातं तसा गेला.

यशोचा पलंग तिनं त्याच दिवशी खिडकीशी आणला होता. आता रोज सकाळी काका किंवा काकू वर येऊन कुंड्या फिरवायचे. दुपारी चारला खालून खर्रर्र झालं की प्रीतीही यशोचा पलंग ओढून फिरवायची. झाडं पुन्हा सरळ होऊ लागली. जास्वंद फुलली. यशोची मान आठ दिवसांत बरीच सुधारली, आणि प्रीतीनं यादीतली आणखी एक काळजी खोडली. पिंपळाला नवी पालवी आली, तांबूस, कोवळी. काकूंनी एकदा त्याला हात जोडले. कुणासाठी ते विचारायची गरज वाटली नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी विहारात न जाता ती खिडकीशी उभी राहिली. यशो निजली होती, तोंड बरोबर बाहेर. पाठीवर भिंतीची ऊब होती. प्रीती समोर बघत होती. समोर निळं, स्वच्छ आभाळ होतं, एक घार गोल फिरत होती. किती बरं वाटतंय, असं ती मनात म्हणाली. आणि मग, फार घाई न करता, तिला प्रश्न पडला, की समोर तर गल्ली असते ना? पापडाच्या खाटा, बोअरचा पाइप, समोरच्यांची मोटारसायकल. ते सगळं कुठं गेलं?

तिनं मान खाली आणायचा विचार केला. विचार नीट केला, पण मान काही आली नाही.

"प्रीती!" खालून, कुठूनतरी आभाळाच्या खालून, काकूंची हाक आली. "वर काय पाहून राह्यली गं?"

तिला उत्तर द्यायचं होतं, की मी समोरच बघतेय.

काकूंनी क्षणभर वाट बघितली. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हालू नको माय. थांब. येते मी वर."

जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, एकेक पायरी. कुलपात चावी फिरली. कुणीतरी न विचारता आपल्या घरात येत होतं, आणि प्रीतीला राग येईना. ती तशीच उभी राहिली, कुंडीनं उभं राहावं तशी, दोन हातांची वाट बघत.